एकही हातचा नाही: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येची प्रकल्प-वही

८ डिसेंबर २०२५

यंदाच्या गणित-भिंतीचा विषय आज ठरला. दरवर्षी आपण व्हरांड्यातल्या भिंतीवर दहा-बारा गणितज्ञांचे फोटो लावतो आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहितो. मुलं त्या वाचत नाहीत, कारण त्यात करून बघण्यासारखं काही नसतं. म्हणून या वेळी सगळी भिंत एकाच संख्येला द्यायची:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी. ओळीने नऊ एक मांडले की जी संख्या होते, म्हणजे १११११११११, तिचा हा वर्ग. काम पुरं करायची तारीख १७ जानेवारी. त्या दिवशी गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा जन्मदिवस असतो (१९०५, डहाणू). या संख्येच्या कुळाला नाव त्यांनी दिलं आणि ते नाव आमच्या डोंबिवलीचं आहे. त्याबद्दल पुढे लिहीन.

फळ्यावर संख्या लिहिली तेव्हा आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, ही कुणीतरी मुद्दाम बनवलीय ना?" मी उत्तर दिलं नाही. भिंत उभी राहील तेव्हा या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतः द्यावं, अशी माझी इच्छा आहे.

१० डिसेंबर

आज गुणाकार हाताने. चौकटीच्या वहीची दोन पानं जोडून घेतली, कारण एका पानावर सतरा रकाने बसवले की अंक फार बारीक होतात.

१११११११११ ला १ ने गुणायचं, खाली एक घर डावीकडे सरकून पुन्हा १ ने, असं नऊ वेळा. एकाही ओळीत एकाशिवाय दुसरा अंक नाही. नऊ ओळी जिन्यासारख्या डावीकडे सरकत गेल्या. मग उभी बेरीज. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी येतात. तिथून पुढे वरच्या ओळी संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा, करत शेवटी एक.

संपूर्ण बेरजेत एकदाही हातचा घ्यावा लागला नाही. सगळी गोष्ट इथेच आहे. अंक चढतात आणि उतरतात ते कुणी रचले म्हणून नव्हे. प्रत्येक अंक आपल्या रकान्यात किती एक आहेत तेवढंच सांगतो. सर्वात गर्दीच्या रकान्यात नऊ एक आहेत आणि नऊ हा एका घरात मावणारा सर्वात मोठा अंक आहे. जेमतेम मावलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे हे उत्तर नाहीच, ही मोजणी आहे." हे वाक्य मी भिंतीसाठी राखून ठेवलं आहे.

त्यावरूनच अंकांच्या बेरजेचं कोडंही सुटलं. १ ते ९ ची बेरीज ४५, उतरत्या ८ ते १ ची ३६, एकूण ८१. मुलांना ८१ म्हणजे नवाचा वर्ग हे लगेच दिसलं, पण का, ते दिसायला पाच मिनिटं लागली. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, म्हणजे पानावर मुळात ८१ एकच लिहिले होते. हातचा नसल्यामुळे त्यातला एकही हरवला नाही.

११ डिसेंबर

संख्या वाचायची कशी? आजच्या पद्धतीने १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. "एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस." कोटींचे कोटी म्हणताना मुलांची जीभ अडखळते.

भास्कराचार्यांनी दिलेली स्थानांची नावं फळ्यावर लिहिली आणि वाचन एकदम सोपं झालं: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. वर्गाने तीनदा एका सुरात म्हटलं. परार्ध हे त्या यादीतलं शेवटचं स्थान, आणि आपली संख्या त्याच्या एकच घर अलीकडे थांबते. सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसलं तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील.

१५ डिसेंबर

चूक झाली आणि ती माझी. भिंतीवर लावायचे सतरा मोठे अंक छापायला मी घरून फाइल नेली. संख्या स्प्रेडशीटमध्ये टाइप केली होती. छापून आलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं. कागद आणि पैसे वाया गेले, त्याहून वाईट म्हणजे पुन्हा बघायचं मला सुचलं नव्हतं. एका मुलाने तो कागद उलटा धरला आणि म्हणाला, "बाई, ही उलटी वाचली तर शून्यापासून सुरू होते."

कारण शोधलं. स्प्रेडशीट संख्येचे पहिले पंधरा अंकच धरून ठेवते, आपल्याला सतरा हवेत. मग एका विद्यार्थ्याने ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला गुणाकार विचारला, तर उत्तर १२३४५६७८९८७६५४३२०. तेही एकाने कमी! संगणक अशी संख्या सहसा ५३ द्विमान अंकांत साठवतो. त्यात २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच्या सगळ्या पूर्ण संख्या अचूक मावतात. त्यापुढे फक्त सम संख्या उरतात. आपली संख्या त्या हद्दीच्या पलीकडे आहे आणि विषम आहे, म्हणून तिला तिथे जागाच नाही. शेजारच्या सम संख्येवर तिची बोळवण होते. पायथन या दुसऱ्या संगणक-भाषेत पूर्णांकांना अशी हद्द नसते, तिथे शेवटी ३२१ नीट आलं.

वहीच्या दोन पानांवर पेन्सिलीने केलेला गुणाकार बरोबर होता. ती पानंही भिंतीवर लावणार.

१८ डिसेंबर

अवयव पाडायला घेतले. वर्ग आहे, म्हणजे १११११११११ चे पाडले की काम झालं.

तीन-तीनचे गट केले: १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. आता १११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून त्याला ३ ने भाग जातो: १००१००१ = ३ × ३३३६६७.

१११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७

आणि आपली संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७².

घात ४, २, २. विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५. "बाई, १ ते ९ ची बेरीजसुद्धा ४५!" असा मोठा आवाज झाला. मी विचारलं, या दोन पंचेचाळीसांना जोडणारा धागा कुणी दाखवेल का? आठ-दहा मिनिटं प्रयत्न झाले. मिळाला नाही. मलाही मिळाला नाही. ८१ ची बेरीज भिंतीवर जाईल कारण तिचं कारण आमच्या हातात आहे, ४५ चं नाही, म्हणून ते वहीतच राहील. दोन-तीन मुलं नाराज झाली. पण या बाबतीत मी ढिलाई करणार नाही.

१९ डिसेंबर

३३३६६७ मूळ संख्या आहे का? रोखठोक मार्ग असा की वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं. अशा १०६ मूळ संख्या आहेत. वर्गात बत्तीस मुलं, वाटून घेतल्या तर झालं असतं. तरी मी थांबवलं, कारण इथे एक फार देखणी वाट आहे.

समजा मूळ संख्या प ने ३३३६६७ ला भाग जातो. मग ९९९९९९९९९ लाही जातो. म्हणजे १/प दशांशात लिहिला तर नऊ-नऊ अंकांनी आवर्तन होतं, तेच नऊ अंक त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. खरं आवर्तन त्याहून छोटं असलंच तर ९ चा विभाजक हवं, म्हणजे १ किंवा ३ अंकी. एक अंकी आवर्तन फक्त ३ चं, तीन अंकी फक्त ३७ चं, कारण ९९९ = २७ × ३७. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ गेला. ३७ ने भागलं तर बाकी १, तोही गेला. उरलं नऊ अंकी आवर्तन.

भागाकार करताना येऊ शकणाऱ्या बाक्या १ ते प−१. त्या नऊ-नऊच्या चक्रांत वाटल्या जातात, एकही सुटी राहत नाही. म्हणून प−१ ला ९ ने भाग गेलाच पाहिजे. प विषम, म्हणून १८ ने. म्हणजे १८ च्या पाढ्यात १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकशे सहाच्या सतरा झाल्या. आणि त्यातला ३७ आधीच बाद.

आठवीला हे थोडं जड गेलं. चक्रांचा भाग मी १/१३ घेऊन दाखवला. त्याची बाक्यांची चक्रं दोन, प्रत्येकी सहा बाक्यांची: १, १०, ९, १२, ३, ४ आणि २, ७, ५, ११, ६, ८. सहा आणि सहा मिळून बारा. हे बघितल्यावर निम्म्या चेहऱ्यांवर कळल्याचं दिसलं. उरलेल्यांसाठी सोमवारी पुन्हा.

२२ डिसेंबर

राष्ट्रीय गणित दिन. शाळेत रामानुजनांवर भाषणं झाली, आमच्या वर्गाने भागाकार केले. जोड्या करून सोळा भागाकार वाटले, प्रत्येक दोनदा तपासला. १९ ने बाकी ८, ७३ ने ५७, १६३ ने फक्त ६ (इथे क्षणभर सगळे श्वास रोखून होते), ५२३ ने ५१६, ५७७ ने १६१. एकानेही भाग गेला नाही. ३३३६६७ मूळ आहे.

आणि मग जे हाती आलं ते मला स्वतःला या प्रकल्पात सर्वात प्रिय आहे. ज्या मूळ संख्येचं आवर्तन नऊ अंकी, ती ९९९९९९९९९ ची विभाजक असणार. त्याचे मूळ अवयव फक्त ३, ३७ आणि ३३३६६७. म्हणजे सगळ्या मूळ संख्यांच्या अनंत गर्दीत एक अंकी आवर्तन एकट्या ३ चं, तीन अंकी एकट्या ३७ चं, आणि नऊ अंकी एकट्या ३३३६६७ चं:

१/३ = ०.३३३…
१/३७ = ०.०२७ ०२७ …
१/३३३६६७ = ०.०००००२९९७ ०००००२९९७ …

आपल्या संख्येचे तीनही मूळ अवयव असे आपापल्या लांबीचे एकुलते एक आहेत. चढत्या-उतरत्या अंकांचं रूप पाहून लोक या संख्येकडे वळतात. मला वाटतं तिचं खरं देखणेपण आत, या तिघांत आहे. भिंतीवर याला मधली जागा.

२९ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत मजकूर लिहिला. कापरेकरांचा.

मुंबईपासून तीसेक मैलांवर, जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं. आजचं डोंबिवली. तिथे या संख्यांची कल्पना सुचली म्हणून कापरेकरांनी त्यांना डेम्लो संख्या म्हटलं. १, १२१, १२३२१, १२३४३२१ ही त्यातली सर्वात प्रसिद्ध मालिका, तिला त्यांनी अद्भुत डेम्लो संख्या असं नाव दिलं. आपली संख्या त्या मालिकेतली नववी. के. आर. गुंजीकरांबरोबर त्यांनी डेम्लो संख्यांवर १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लेख लिहिला.

डेम्लोची ठेवण तीन भागांची. मधल्या भागात एकच अंक, आणि डावा व उजवा भाग मिळवले की तोच अंक ओळीने. आपल्या संख्येत: डावा १२३४५६७८, मधला ९, उजवा ८७६५४३२१. डावा अधिक उजवा = ९९९९९९९९. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३, मधला ३. १२३४३२१ मध्ये १२३ + ३२१ = ४४४, मधला ४. "चिमा काय कामाची" सारखी उलटसुलट सारखी वाचता येणारी संख्या म्हणून मुलं तिच्याकडे बघत होती. कापरेकरांनी तिला मधोमध उघडून दोन्ही पाखं एकमेकांवर ठेवून पाहिली.

दोन पाखं जुळतात याचंही कारण पानावरच आहे: १ च्या खाली ८, २ च्या खाली ७, प्रत्येक जोडी नऊ.

कापरेकर देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. ६१७४ मुळे जग त्यांना ओळखतं: सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ वरच येता. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या मासिक सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. शाळेच्या नोकरीतून, कुठलंही संशोधनाचं पद नसताना, एक माणूस इतकी वर्षं संख्यांकडे असा बघत राहिला, हे मी आठवीला सांगताना माझा आवाज बदलतो. बदलू दे.

३ जानेवारी २०२६

मालिका पुढे नेली. दहा एक. वर्गाचा अंदाज "मधे दहा येणार", आणि तो बरोबर होता. फक्त दहा एका घरात मावत नाही. प्रकल्पातला पहिला हातचा.

मधल्या रकान्यात १०: शून्य लिहिलं, हातचा १. पुढच्या रकान्यात ९ आणि हातचा १, पुन्हा १०: शून्य, हातचा १. त्यापुढच्या ८ मध्ये हातचा मिळून ९, इथे थांबलं. उत्तर:

१२३४५६७९००९८७६५४३२१

डाव्या बाजूचा ८ नाहीसा. उलटसुलटपणाही मोडला.

एका मुलाने लगेच वही उलटून दाखवलं. १११११११११ ला ९ ने भागल्यावर आम्हाला १२३४५६७९ मिळालं होतं, त्यातही ८ नाही! खूप जणांना ही संख्या "आठ हरवलेली" म्हणून माहीत असते, तिला ९ ने गुणायचा खेळ घरोघरी चालतो. आठ कुठे जातो ते आज सापडलं. १/८१ म्हणजे ०.१११… चा वर्ग. त्यात रकान्यांची मोजणी १, २, ३ … ८, ९, १०, ११ अशी चालूच राहते. १० चा हातचा ९ ला, ९ चा शून्य होतो आणि त्याचा हातचा ८ ला, म्हणून ८ चा ९ होतो. उत्तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… आठ हरवलेला नाही. त्याच्या खांद्यावर हातचा बसला आहे.

६ जानेवारी

थोडंसंच. आठ बोटांच्या माणसांची संख्या कशी दिसेल, असा प्रश्न आला. अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१, तिथे तोच शेवटचा बिनहातच्याचा. चतुर्मान पद्धतीत १११ म्हणजे आपले २१, त्याचा वर्ग ४४१, आणि चतुर्मानात ते १२३२१. करून पाहिलं: २५६ + १२८ + ४८ + ८ + १ = ४४१. शिखर नवावर का, तर आपण दहाने मोजतो म्हणून.

९ जानेवारी

८१ ने गुणलं: ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग. तो मधोमध तोडून ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९, पुन्हा तीच संख्या. वर्ग तोडून मिळवला की मूळ संख्या परत देणाऱ्या संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. डेम्लो आणि कापरेकर अशा शेजारी राहतात. भिंतीच्या उजव्या टोकाला हे.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत, म्हणून आज दुपारीच जोडणी. घोटीव कागदाचे ८१ चौकोन, बाजू १२ सेंटिमीटर, प्रत्येकावर फक्त १. सतरा रकाने म्हणजे २०४ सेंटिमीटर लांबी, मधला रकाना १०८ सेंटिमीटर उंच. चौकोन चिकटवले नाहीत, टाचण्यांनी टोचले, म्हणजे कुणालाही काढून मोजता येतील. खाली सतरा मोठे अंक. या वेळी छापलेले नाहीत, मुलांनी हाताने रंगवले. मी शेवटचे दोन अंक तीनदा तपासले.

"ही कुणीतरी मुद्दाम बनवलीय ना" विचारणाऱ्याकडे मधला रकाना दिला होता. नववा चौकोन टोचून खाली उतरल्यावर तो म्हणाला, "बाई, दहावा आला असता तर बाजूला ढकलावा लागला असता." मी हो म्हटलं.

१७ जानेवारी

सकाळी भिंत खुली केली. पाचवीची मुलं एकेक रकाना बोट लावून मोजत होती. स्थानांची नावं आठवीने म्हणून दाखवली.

दुपारी, मागच्या बाकावरची ती मुलगी वही घेऊन आली. दहा एकांचा वर्ग करताना पानावर शंभर एक असतात, पण उत्तराच्या अंकांची बेरीज तिला ८२ आली होती. अठरा कुठे गेले? तिनेच शोधलं होतं: हातचा घेताना एका घरातले दहा जातात आणि शेजारी एक येतो, म्हणजे प्रत्येक हातच्याला नऊ कमी. दोन हातचे, अठरा. मग तिने अकरा एकांचा वर्गही केला होता: १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. पानावर १२१ एक, अंकांची बेरीज ८५, फरक ३६, चार हातचे. मी तिच्यासमोर बसून रकाने मोजले. चारच आहेत.

तिचं पान भिंतीवर डावीकडे, ८१ च्या खाली टोचलं. बारा एकांचं ती सोमवारी आणणार आहे.